सहा टायरच्या गाडीचे मागचे नट पुन्हा पुन्हा ढिले होतात? या क्रमाने तपासा

"मिस्त्री, परवाच तर आवळले होते, परत ढिले झाले."

संगमनेरच्या बाजूला, नाशिक-पुणे रस्त्यालगत माझं गॅरेज आहे. कांदा, टोमॅटो, दूध, पशुखाद्य असलं सगळं वाहणारे सहा टायरचे टेम्पो दिवसभर दारावरून जातात आणि वरचं वाक्य मला दर आठवड्याला ऐकू येतं. दरवेळी ड्रायव्हरचा राग नटावर असतो. "नवे नट टाका" म्हणतात. नवे टाकले तरी चार दिवसांनी तेच. म्हणून नट बदलण्याआधी काय काय बघायचं, ते मी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने इथे लिहितो. आधी फुकटातलं, मग थोड्या कष्टाचं, शेवटी खर्चाचं.

लक्षणं

गाडी यार्डातून बाहेर निघताना किंवा गतिरोधकावर, माणूस पळतो एवढ्या वेगात, मागून चाकाच्या फेऱ्याबरोबर "टक्… टक्…" असा आवाज येतो. वेग वाढला की तो इंजिनाच्या आवाजात बुडतो, म्हणून ड्रायव्हरला वाटतं आवाज गेला. तो गेलेला नसतो. काच खाली करून, टेप बंद करून, भिंतीच्या कडेने हळू गाडी चालवा, स्पष्ट ऐकू येईल.

दुसरी खूण डोळ्यांना दिसते. नटाच्या खालून डिस्कवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भोकं असलेल्या पत्र्यावर, बाहेरच्या बाजूला लाल-तपकिरी ओघळ आलेला असतो, जणू कुणी काताचं पाणी सांडलंय. नटाखाली पत्रा हलतो, घासतो, त्याची पूड पावसाच्या नाहीतर धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर येते. कोरड्या दिवसांत ओघळाऐवजी नटाभोवती चांदीसारखी चकाकणारी कडी दिसते. दोन्हींचा अर्थ एकच.

तिसरी, मागचा भाग वळणावर डुलतो, सपाट रस्त्यावरसुद्धा गाडी थोडी पोहल्यासारखी वाटते. आणि चौथी, स्टड (ज्या आट्यांच्या दांड्यावर नट बसतो तो) तुटून एखादा नट गायब. चौथ्या खुणेपर्यंत गाडी चालवू नका.

बेअरिंगचा दोष आणि नटाचा दोष यांत लोकांची गल्लत होते. बेअरिंग गेलं असेल तर टक्-टक् नसून घुमल्यासारखा, वेगाबरोबर चढणारा आवाज येतो, हब (ज्यावर चाक बसतं तो मधला गोळा) हाताला जास्त गरम लागतो आणि पुष्कळदा ब्रेकच्या ड्रमच्या आतल्या बाजूला तेल उतरलेलं दिसतं. तसं असेल तर ही यादी बाजूला ठेवा, ते काम वेगळं.

चालत्या गाडीत टक्-टक् सुरू झाली तर पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ म्हणू नका. हळू ब्रेक, डावीकडे कड, चाकांना दगड, आणि पाना हातात. एक स्टड तुटला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर जातो. ते तुटायला किती किलोमीटर लागतील हे कुणीच सांगू शकत नाही.

जोडचाकालाच हा त्रास जास्त का

चाक स्टडवर "अडकलेलं" असतं असं बहुतेकांना वाटतं. खरं तर चाकाला धरून ठेवतो तो दाब. नट आवळला की स्टड ताणला जातो, आणि परत आखूड व्हायच्या ओढीने तो डिस्कला हबवर दाबून धरतो. त्या दाबातल्या घर्षणावर सगळा भार चालतो. हा ताण किती लांबीचा? मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. बस्स एवढाच. म्हणजे डिस्क आणि हबच्या मधे तेवढ्या जाडीचं काहीही असेल, रंग, गंज, माती, आणि ते धावता धावता चेपलं गेलं, की स्टडचा सगळा ताण संपला. नट जागचा हललाही नाही, तरी चाक ढिलं.

पुढच्या एकेरी चाकाला हब-डिस्क आणि डिस्क-नट अशा दोनच बैठका, म्हणजे एकमेकांना टेकायच्या जागा, असतात. मागे दोन डिस्क पाठीला पाठ लावून बसतात. हब किंवा ड्रम, आतली डिस्क, बाहेरची डिस्क, नट. बैठका वाढल्या, म्हणजे घाण दबायच्या जागा वाढल्या, आणि त्यातली मधली जागा चाक न काढता दिसतच नाही.

१. रंगाची रेघ मारा

याला पैसा लागत नाही. सगळे नट नीट आवळून झाले की प्रत्येक नटावरून डिस्कवर उतरणारी एक सरळ रेघ पांढऱ्या रंगाने ओढा. खडूने चालेल, पण पहिल्या पाण्याला जाते.

मग दोन-तीन दिवसांनी बघा. रेघ तुटली असेल, नटावरचा भाग एकीकडे आणि डिस्कवरचा दुसरीकडे, तर नट फिरतोय. तेव्हा संशय नटाच्या बैठकीवर, आट्यांवर किंवा मुळात कमी आवळण्यावर घ्या. रेघ जशीच्या तशी असेल आणि तरी पाना लावल्यावर नट सहज थोडा पुढे जात असेल, तर नट निर्दोष आहे. मधलं काहीतरी बसलंय. या एका रेघेने माझं निम्मं काम होतं, म्हणून रेघ मारल्याशिवाय मी गाडी सोडत नाही.

२. चाक काढल्यावर दुसऱ्यांदा आवळलं होतं का

पंक्चर काढलं, टायर आलटून-पालटून लावले, ब्रेकचं काम केलं, कारण काहीही असो. चाक हबवरून उतरलं की ८० ते १६० किलोमीटर धावल्यावर पुन्हा आवळायलाच हवं. कितीही चोख बसवलं तरी पहिल्या फेरीत बैठका थोड्या मुरतात. आमच्याकडून पुण्याला माल टाकायला गेलेली गाडी तिथे पोचेपर्यंत हा टप्पा येतो. म्हणून मी सांगतो, माल उतरत असतानाच पाना फिरवा. परतीच्या वाटेवर नको, तोवर उशीर होतो.

हे हब गार असताना करा. घाट उतरून आल्या आल्या ड्रम तापलेला असतो. धातू फुगलेला असताना आवळलं तर गार झाल्यावर दाब वेगळाच राहतो. चहा होईपर्यंत थांबा, हाताला ड्रम सोसवला की मग.

दुसऱ्यांदा आवळताना नट थोडासा पुढे गेला, तर चिंता नको. दुसऱ्या दिवशी परत बघितलं आणि किंचित गेला, तरीही ठीक. तिसऱ्यांदाही जात असेल, तर आवळत राहणं बंद करा. चाक उतरवायची वेळ आली आहे.

३. नट त्याच डिस्कचा आहे का

हे बघायला एक नट काढावा लागतो, पण चाक जमिनीवर असताना एकावेळी एकच काढला तर चालतं. नटाचं डिस्कला टेकणारं तोंड बघा. तीन तऱ्हा असतात. निमुळतं तोंड, गोटीसारखं गोल तोंड, आणि सपाट तोंड, ज्याला बहुधा स्वतःचा फिरणारा वायसर असतो. डिस्कच्या भोकाची कडही तशीच हवी. निमुळत्याला निमुळती, गोलाला गोल, सपाटाला सपाट.

गोल भोकात निमुळता नट गेला की तो पाठभर टेकत नाही. पातळ कडीपुरताच टेकतो. पाना लावणाऱ्याला घट्ट लागतं, कारण कडी खरंच रुततेय. मग रस्त्यावर ती कडी चेपते आणि दाब जातो. नट काढून तोंडावर बघा. घासल्याची खूण रुंद आणि सगळीकडे सारखी असेल तर बैठक बरोबर. दोऱ्याएवढी बारीक कडी, किंवा एकाच बाजूला खूण, म्हणजे जोडी चुकली.

हे होतं कसं? एक नट हरवतो, पंक्चरवाला डब्यातून "बसेल तो" देतो. आटे जुळतात म्हणून नट जुळला असं नसतं. सपाट नटाचा वायसर गंजून जाम झाला असेल तरी तो नट बाद, कारण तो डिस्कवर फिरता फिरता पत्रा ओरबाडतो.

काही गाड्यांना आतल्या चाकाचा वेगळा नट असतो, आत-बाहेर दोन्हीकडे आटे असलेला, आणि त्याच्यावर बाहेरच्या चाकाचा नट बसतो. अशा गाडीत बाहेरचा नट घट्ट असताना आतला ढिला असू शकतो, बाहेरून कळत नाही. तिथे एकाआड एक बाहेरचे नट सोडायचे, त्यांचे आतले आवळायचे, बाहेरचे परत आवळायचे, मग उरलेल्यांना तेच. शिवाय जुन्या काही गाड्यांत डाव्या बाजूचे आटे उलटे असतात. स्टडच्या टोकावर इंग्रजी "एल"ची खूण बघा. ती न बघता पाइप लावून चांगला स्टड मोडून ठेवलेला मी पाहिलाय.

४. कसं आणि किती आवळलं

एका बाजूने सुरू करून गोल गोल आवळत गेलं तर डिस्क तिरकी बसते, शेवटच्या नटापर्यंत पहिला ढिला झालेला असतो. समोरासमोर आवळा. पाच स्टड असतील तर चांदणीच्या रेघा ओढतो तसं एक सोडून एक. आणि एका दमात नाही. चाक जॅकवर असताना हलक्या हाताने सगळे नट टेकवा, मग पाव जोराने एक फेरी, चाक खाली टेकवून पूर्ण जोराची फेरी, आणि शेवटी त्याच क्रमाने एक पडताळणीची फेरी.

जोर किती, हा आकडा गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. दुसऱ्या गाडीचा चालत नाही. अमेरिकेत जोडचाकी पिकअप असतात, त्यातल्या काहींना १४ मिलिमीटरचे स्टड आणि १९० न्यूटन-मीटर (पाना फिरवायच्या जोराचं माप) एवढा जोर सांगितलेला असतो. मोठ्या ट्रकच्या २२ मिलिमीटरच्या स्टडला तोच आकडा ६१० ते ६८० पर्यंत जातो. तिपटीहून अधिक फरक, आणि दोन्ही नट बघायला सारखेच दणकट.

अंगाच्या भाषेत सांगायचं तर, एक मीटर पाइपच्या टोकावर ६० किलोचा माणूस पूर्ण वजनाने उभा राहिला तर जवळपास ५९० न्यूटन-मीटर होतात. लहान टेम्पोच्या स्टडला हे घातक ठरू शकतं. ड्रायव्हर पाइपवर चढून उड्या मारतात तेव्हा काय होत असेल याचा विचार करा. अर्ध्या मीटरच्या टॉमीवर (पान्याच्या दांड्यावर) ४० किलोचा दाब दिला तर १९६ होतात. हा हिशोब अंदाजापुरता आहे. खरी पडताळणी टॉर्क पान्यानेच, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानेच होते. आपल्याकडे नसेल तर चांगल्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागा, मीही देतो.

एअर गनवर माझा राग नाही, माझ्याकडेही आहे. नट सोडायला आणि टेकवायला ती छान. पण शेवटचा जोर गनने दिला तर तो किती दिला हे गनवाल्यालाही माहीत नसतं, हवेचा दाब आणि गनची झीज यांवर तो बदलतो. बऱ्याच वेळा जास्तच जातो. जास्त ताणलेला स्टड एका मर्यादेपलीकडे परत आखूड होत नाही, त्याची ओढच जाते. ढिल्या नटाचं कारण अती आवळणं असू शकतं, हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

तेलाचंही तसंच. आट्यांना ग्रीस फासलं की पाना सैल फिरतो आणि तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. काही नटांना वायसर आणि नट यांच्यामध्ये थेंबभर तेल लागतं. ते पुस्तकात लिहिलेलं असेल तरच, आणि सांगितलं तिथेच. डिस्कच्या बैठकीला तेल कधीच नाही.

५. दोन्ही टायर एका उंचीचे आहेत का

जोडीतला एक टायर नवा आणि एक गुळगुळीत असेल, किंवा एकात हवा कमी असेल, तर मोठा टायर सगळा भार उचलतो आणि दोन्ही डिस्क प्रत्येक फेऱ्याला एकमेकींशी झगडतात. ७.५०-१६सारख्या टायरच्या जोडीत व्यासाचा फरक ६ मिलिमीटरच्या वर नको आणि हवेच्या दाबाचा फरक ५ पौंडांच्या (पीएसआय) आत हवा. आतल्या टायरची हवा बघायचा कंटाळा सगळेच करतात, कारण हात घालावा लागतो. घाला. दोन टायरांच्या मधे अडकलेला दगडही त्याच वेळी बघून घ्या.

६. चाक उतरवून बैठका बघा

इथून पुढे जॅक आणि घोडी (गाडीखाली लावायचा लोखंडी टेकू) लागते. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून आत हात घालायचा नाही. समोरच्या चाकांना दगड, ॲक्सलखाली घोडी, मग काम.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त वेळा दोष सापडतो. मागच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. नारायणगावला टोमॅटो भरायला जाणारा एक टेम्पो तीन आठवड्यांत चार वेळा आला. मालक माझ्याहून मोठे, मी त्यांना अण्णा म्हणतो. नट नवे, जोडी बरोबर, टॉर्क पान्याने मी स्वतः आवळलेले, रेघ जागेवर, तरी नट पाव फेरा पुढे जायचे. शेवटी दोन्ही चाकं उतरवली. आतल्या आणि बाहेरच्या डिस्कच्या मधली बैठक बघितली तर चकचकीत चंदेरी रंग. खंडेनवमीच्या आधी अण्णांच्या मुलाने हौसेने सगळ्या डिस्क उतरवून, दोन्ही बाजूंनी, भोकांच्या कडांसकट ऑइलपेंटचे दोन-दोन हात दिले होते. ड्रमच्या तोंडालाही. स्टडच्या भोकाभोवती रंग मेणासारखा दबून कडेला लोळी होऊन आला होता. नखाने ती लोळी सोलून मी अण्णांच्या तळहातावर ठेवली.

ब्रशने दिलेला एक हात वाळल्यावर स्टडच्या एकूण ताणाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका जाड असतो. तो चार-पाच बैठकांवर, दोन-दोन हात. मग आवळलेलं राहणार कसं? पत्र्यावर पत्रा बसायच्या ऐवजी रंगावर रंग बसला होता. सगळ्या बैठका वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत खरवडल्या, चिंधीने पुसल्या, पुन्हा लावलं. १०० किलोमीटरवर एकदा आवळलं. त्यानंतर अण्णांची गाडी नटासाठी आली नाही.

दसऱ्याला गाडी सजवा, रंगवा, मला स्वतःला आवडतं. फक्त डिस्क रंगवताना मधला सपाट भाग आणि भोकांच्या कडा चिकटपट्टीने झाका, ड्रमच्या तोंडाला ब्रश लावू नका. कारखान्यातून आलेला पातळ थर वेगळा, त्याला हात लावायची गरज नाही.

रंग नसेल तर गंजाचे पापुद्रे असतात, आणि पावसाळ्यात शेतात गाडी घातली की चिखल. खरवडायचं काम तेच.

७. स्टड बघा

चाक उतरलेलंच आहे तर प्रत्येक स्टडवर नवा नट नुसत्या बोटांनी फिरवून शेवटपर्यंत न्या. मधेच एका जागी अडला, पुढे परत सुटला, तर तिथे स्टड ताणून आटे लांबले आहेत. तो स्टड गेला. आडवं बघितलं तर कधी त्याची कंबर बारीक झालेली दिसते. डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे "साफ" करून वापरू नका, नट जाईल पण ओढ परत येणार नाही.

एक स्टड तुटला असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे स्टडही बदला. ते काही काळ तिघांचं काम करत होते. दोन किंवा जास्त तुटले असतील तर त्या हबचे सगळे बदला. नट पूर्ण आवळल्यावर स्टड नटात निदान स्वतःच्या जाडीइतका तरी शिरलेला हवा. डिस्क जाड घातली आणि स्टड जुनेच ठेवले की ही खोली कमी पडते.

नटाला डिस्कशी वेल्डिंगचा टाका मारून आणलेली गाडीही माझ्याकडे आली आहे. कृपा करून असं करू नका. उष्णतेने स्टडचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, आणि रात्री रस्त्यात पंक्चर झालं तर चाक निघणार कसं?

इथे थांबा आणि माणूस बोलवा

डिस्कच्या एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे केसासारखी चीर दिसली, तर ती डिस्क त्याच क्षणी बाजूला. चीर वेल्ड करायची नाही, डिस्क बदलायची. भोक अंड्यासारखं लांबट झालं असेल, किंवा त्याची कड चेपून जिभेसारखी बाहेर आली असेल, तरी तेच. नवा नट त्या भोकाला धरू शकत नाही.

स्टड हबमध्ये फिरत असेल, हबचं तोंड झिजून खड्डा पडला असेल, ज्या उंचवट्यावर डिस्क बसते तो झिजला असेल, चाक घट्ट असूनही वर-खाली हलवल्यावर हलत असेल, तर घरगुती उपाय संपले. स्टड दाबून बसवायला प्रेस लागतो. हातोड्याने ठोकून बसवलेला स्टड तिरका बसला तर दोष पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आणि बैठका धातूपर्यंत साफ, नट जोडीचे, स्टड नवे, जोर पान्याने मोजलेला, असं सगळं करूनही रेघ सरकत असेल तर भरलेली गाडी घाटात घालू नका. रिकामी करा, हळू चालवत जवळच्या चांगल्या गॅरेजला न्या. नट कमी झाले असतील तर तेवढीही चालवू नका, मिस्त्रीला जागेवर बोलवा.

मिस्त्रीला नुसतं "नट ढिले होतात" म्हणून सोडू नका. किती किलोमीटरवर ढिले होतात, कोणत्या बाजूचे, रेघ सरकली होती की नाही, डिस्क कधी रंगवल्या, टायर कधी बदलले, हे सांगा. काम झाल्यावर काढलेले स्टड मागून घ्या आणि नव्याच्या शेजारी धरून आट्यांवर आटे ठेवून बघा. जुना कुठे ताणला गेला होता ते तुमच्या डोळ्यांना दिसेल. मग घरी यायच्या आधी पांढऱ्या रेघा मारून घ्या, आणि पहिली खेप १०० किलोमीटरच्या आतली धरा.